नारळ फुटला, खतावणी रद्दीत गेली

गावच्या सोसायटीत नवा संगणक येतो तेव्हा नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, चेअरमनसाहेबांचा माउसवर हात ठेवलेला फोटो निघतो. या कार्यक्रमाला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती त्यापुढच्या आठवड्यात जे होतं त्याला. त्या आठवड्यात कपाटातल्या लाल कापडात बांधलेल्या कीर्द-खतावण्या खाली उतरतात आणि "आता सगळं कॉम्प्युटरात आहे" असं म्हणत जिन्याखाली जातात, नाहीतर सरळ रद्दीवाल्याच्या काट्यावर.

सगळं कॉम्प्युटरात नसतं. किती नसतं, ते सांगण्यासाठी आजचा लेख. विषय रुक्ष आहे हे मान्य. पण ज्याच्या नावावर एक रुपयाही कर्ज आहे किंवा कधीकाळी होतं, त्यानं तो वाचावा अशी विनंती.

आधी थोडी पार्श्वभूमी. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये गावपातळीवरच्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या भाषेत विकास सोसायट्या, संगणकावर आणण्याचा प्रकल्प मंजूर केला. खर्च २,५१६ कोटी रुपये. अंमलबजावणी नाबार्डकडे, आणि साऱ्या देशाला एकच सॉफ्टवेअर. नंतर संस्थांची संख्या वाढवण्यात आली. महाराष्ट्राच्या वाट्याला बारा हजार संस्था आल्या. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी १८,००० संस्थांच्या संगणकीकरणाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. हेतू चांगला आहे. उगाच नावं ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. हा लेखही मी स्वतः युनिकोडमध्ये, दोन बोटांनी का होईना, टाइप करतो आहे.

पण २,५१६ कोटींना ६३ हजारांनी भागा. एका संस्थेमागे सरासरी चार लाखांच्या आसपास येतात. तीस-पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवताना सरासरी या शब्दाची मला धास्तीच बसली आहे. नदीची सरासरी खोली काढून बायकापोरांसह पाण्यात उतरलेल्या हिशेबनिसाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. दोनशे सभासदांच्या सोसायटीला आणि दोन हजार सभासदांच्या सोसायटीला एकाच मापाचा सदरा शिवला तर एकाचे हात बाहेर येणार आणि दुसरा त्यात हरवणार. माप घ्यायचं कुणी? ज्याच्या अंगात सदरा जायचा आहे त्यानं. आपल्याकडे मात्र माप विकणारा घेतो.

ते माप कसं घ्यायचं हे मी करून दाखवतो. पाचवीतल्या पोराला जमेल इतकं सोपं आहे.

समजा, एका सोसायटीत ९०० सभासद आहेत. एका सभासदाच्या वर्षाला वीस नोंदी धरा: कर्ज, व्याज, वसुली, शेअर्स, खताची उचल वगैरे. झाल्या १८,००० नोंदी. एका नोंदीला सढळ हातानं दोन केबी जागा द्या. वर्षाला ३६ एमबी. पंचवीस वर्षांचे ९०० एमबी, म्हणजे एक जीबीसुद्धा नाही! लग्नाचा व्हिडिओ याच्या कितीतरी पट जागा खातो. मग कोणी कोट-टाय घालून आला आणि "साहेब, तुमच्या संस्थेला मोठा सर्व्हर लागेल" असं म्हणाला, तर त्याला चहा पाजावा आणि रोजच्या नोंदी किती धरल्या हे विचारावं. चहा संपेपर्यंत उत्तर येत नाही, हा माझा अनुभव. तालुक्याच्या गावातल्या एका पगारदार पतसंस्थेत मी सभासद आहे (नाव सांगत नाही). तिथे आलेल्या विक्रेत्याला मी हाच प्रश्न विचारला होता. त्यानं चेअरमनकडे पाहिलं, चेअरमननं मॅनेजरकडे आणि मॅनेजरनं पंख्याकडे. दरपत्रक मात्र तीन लाखांचं होतं.

मग अडतं कुठे? जागेत नाही, दिवसांत अडतं. त्या १८,००० नोंदी वर्षभर सारख्या वाटून येत नाहीत. निम्म्या येतात मार्चच्या वसुलीत आणि मे-जूनच्या खरीप कर्जवाटपात. ३१ मार्चच्या आधीच्या एखाद्या दिवशी पाचशे नोंदी करायच्या ठरल्या आणि नाव शोधून, रक्कम भरून, पावती छापायला एका नोंदीला तीन मिनिटं लागली, तर पंधराशे मिनिटं झाली. म्हणजे पंचवीस तास. दिवसाचे आठ तास धरले तरी तीन माणसं आणि तीन यंत्रं हवीत. आणि आपल्याकडे काय असतं? एक गटसचिव. त्याच्याकडे तीन-चार सोसायट्या. संगणक एका गावात आणि सचिव दुसऱ्या गावात! यंत्राची ताकद दुप्पट केल्यानं सचिवाला आणखी दोन हात फुटत नाहीत. माणसं मोजल्याशिवाय यंत्र मोजणं म्हणजे घरात सुना किती ते न पाहता चुली मांडणं.

बरं, यंत्र ठेवायचं कुठे हाही मोजमापाचाच भाग आहे. परभणीचा मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत, पारा ४४-४५ अंशांवर, खिडकीतून मातीचा लोट. लोडशेडिंग चार तासांचं आणि सोबत दिलेला यूपीएस अर्ध्या तासाचा. नवं सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर चालतं, त्यामुळे रस्त्याच्या कामात कुणी केबल तोडली की सोसायटीला टाळं. ही सगळी गणितं दरपत्रकात नसतात, कारण ती विकता येत नाहीत. आता आणखी एक भर. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं बंद केलं आणि विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर रीतसर बसतच नाही. म्हणजे यंत्र धडधाकट असून निकामी! दहा वर्षांच्या हिशेबात यंत्र निदान एकदा बदलणार, हे धरून पैसा बाजूला काढायला हवा. किती संस्थांच्या ताळेबंदात हा पैसा दिसतो, ते तुम्हीच पाहा.

असो. यंत्र चुकलं तर पैसे वाया जातील, फार तर. माझं खरं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे.

सॉफ्टवेअर बदलताना तीन वेगवेगळी कामं असतात आणि आपले कारभारी त्या तिन्हींना 'बॅकअप घेतला' या एकाच वाक्यात गुंडाळतात. बॅकअप घ्यायचा तो उद्या यंत्र बिघडलं तर परवा काम चालू व्हावं म्हणून. दुसरं काम स्थलांतर, म्हणजे नव्या प्रोग्रॅममध्ये जेवढे रकाने आहेत तेवढीच माहिती उचलून तिकडे नेणं. आणि तिसरं जतन. आजपासून पंधरा वर्षांनी कुणीतरी येऊन "माझ्या बापानं ते कर्ज फेडलं होतं" असं म्हणेल, तेव्हा त्याला उत्तर देता यावं म्हणून ठेवायचं ते जतन. पहिली दोन कामं विक्रेता करतो, कारण त्याचं बिल त्यावर निघतं. तिसरं कुणीच करत नाही.

स्थलांतरात काय नेतात? बहुतेक ठिकाणी ३१ मार्चची शिल्लक. 'आरंभीची शिल्लक अमुक रुपये', झालं. ती शिल्लक कशी बनली, किती हप्ते आले, व्याज कोणत्या दरानं लागलं, जामीनदार कोण होते, हे सगळं मागे राहतं. शिल्लक म्हणजे गणिताचं उत्तर. आम्ही मास्तर लोक नुसतं उत्तर लिहिणाऱ्या पोराला कधी पूर्ण गुण देत नसू, रीत दाखव म्हणायचो. इथे मात्र रीत रद्दीत घालून उत्तर तेवढं चौकटीत बसवलेलं असतं आणि त्याखाली सही असते.

याचं काय होतं ते सांगतो. आमच्या शाळेतले एक शिपाईमामा निवृत्त झाले. निवृत्तीच्या रकमा हातात पडायच्या तर संस्थेची बेबाकी लागते. मामांचं स्वतःचं कर्ज निरंक होतं, पण यंत्रात ते दुसऱ्या एका सभासदाच्या अडतीस हजारांच्या थकीत कर्जाला जामीनदार निघाले. मूळ कर्जदार वारलेला. ते कर्ज त्याच्या हयातीतच फिटलेलं होतं, फेडीचे शेवटचे हप्ते जुन्या प्रोग्रॅममध्ये होते आणि नव्यात आलेच नव्हते. जुना प्रोग्रॅम कुठे आहे? त्याचं यंत्र भंगारात गेलं. खतावणी? रद्दीत. मामा अकरा महिने हेलपाटे घालत होते. पोरीचं लग्न ठरलेलं. मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा काउंटरवरचा पोरगा माझाच विद्यार्थी निघाला. मोठ्या अदबीनं म्हणाला, "सर, कामून डोकं लावता? कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." शेवटी सुटका झाली ती मयत कर्जदाराच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत सापडलेल्या चार पावत्यांमुळे. त्याच्या बायकोनं त्या जपून ठेवल्या होत्या. त्या बाईला वाचता येत नाही.

म्हणजे लाखोंचं सॉफ्टवेअर घेणाऱ्या संस्थेचं दफ्तर कोणी सांभाळलं, तर एका निरक्षर विधवेनं! याची कुणाला लाज वाटली असेल तर माझ्या कानावर तरी आलेलं नाही.

"सर, एवढी जुनी माहिती लागते कशाला?" हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. शेतकऱ्याला तरी हा प्रश्न विचारू नये. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवा. ३१ मार्च १९९७ ते ३१ मार्च २००७ या काळात वाटलेली आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत असलेली कर्जं त्यात होती. म्हणजे दहा वर्षं मागचा कागद हवा. त्या योजनेवरचा कॅगचा अहवाल २०१३ मध्ये आला. तपासलेल्या नव्वद हजारांवर खात्यांपैकी पाचात एकाहून जास्त खात्यांत दोष निघाले आणि दफ्तरात खाडाखोड केल्याचे प्रकारही सापडले. मग राज्याची २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. त्यात १ एप्रिल २००९ नंतरची आणि ३० जून २०१६ रोजी थकीत असलेली कर्जं धरली होती. अर्ज ऑनलाइन. माणसं रात्र-रात्र केंद्रांपुढे रांगेत, सर्व्हर बंद पडतोय, आणि दिवाळीत प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर बँकांच्या याद्या आणि अर्ज यांचा मेळ बसेना म्हणून पैसे खोळंबले. त्या वेळी विरोधकांनी सरकारला झोडलं आणि सरकारनं बँकांकडे बोट दाखवलं. खालच्या सोसायटीत आठ वर्षांपूर्वीची नोंद कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायला मात्र कुणी वाकलं नाही. राजधानीत केवढंही यंत्र बसवलं तरी त्यात येणारं पाणी आपल्याच आडातून येतं.

या सगळ्याला मराठवाड्याचा एक खास संदर्भ आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि आपल्याकडच्या तहसीलांत निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात मला इथे पडायचं नाही. मी फक्त दफ्तराविषयी बोलतो. धूळ खात पडलेले गठ्ठे सुटले, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणले गेले, आणि शंभर वर्षांपूर्वी बोरूनं लिहिलेली अक्षरं वाचता आली. राज्य बदललं, भाषा बदलली, लिपी बदलली, तरी वाचता आली! आता माझ्या कपाटातली १९९८ ची फ्लॉपी घ्या. १.४४ एमबीची. ती घालायची फट असलेलं यंत्र मला परभणी शहरात तरी मिळालेलं नाही. मिळालं तरी आत फॉक्सप्रोची फाइल आणि त्यात त्या काळच्या फॉन्टमधलं मराठी. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते. शंभर वर्षांचा कागद बोलतो आणि पाव शतकाची चकती मुकी.

नावांचं तर विचारूच नका. नव्या सॉफ्टवेअरसाठी पुष्कळ ठिकाणी सभासदांची नावं इंग्रजीत भरली गेली. इंग्रजीत काळे आणि काले एकच होतात, माने आणि माणे एकच होतात. त्यात बापाचं नाव एका अक्षरानं घसरलं की आधारशी जुळत नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी आपल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कळमनुरीच्या दस्तावर 'जिल्हा परभणी' असंच असणार. म्हाताऱ्या सचिवाला हे सांगावं लागत नाही. यंत्राला कुणी सांगितलं असेल तर कळतं.

मी कागदाची आरती ओवाळतो आहे असं कुणी समजू नये. कागदाला वाळवी लागते. गोदाकाठच्या गावांत पुराचं पाणी दफ्तरात शिरतं. आणि खतावणीत खाडाखोड करणारे महाभाग याच जिल्ह्यात, याच डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणूनच म्हणतो, यंत्र हवं. पण यंत्रात जायच्या आधी जुनं दफ्तर नीट मिटून ठेवायला हवं.

त्याला खर्च किती? पुन्हा मोजू. पंचवीस वर्षांच्या साठ वह्या, प्रत्येकी दोनशे पानं. बारा हजार पानं. एका पानाचं चित्र तीनशे केबी धरलं तर साडेतीन जीबीच्या थोडं वर. काही शे रुपयांच्या पेनड्राइव्हमध्ये मावलं. दिवसाला चारशे पानं काढली तर तीस दिवस. गावातल्या बारावी झालेल्या एका पोराचा महिन्याचा पगार! नारळ, मांडव, पेढे आणि पाहुण्यांच्या गाड्यांचं डिझेल यांची बेरीज करा आणि शेजारी हा आकडा लिहा.

जुन्या प्रोग्रॅममधल्या माहितीचंही तसंच. सभासदवार पूर्ण खातेउतारा छापून आणि पीडीएफ करून ठेवायचा. शिवाय सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, कुठल्याही यंत्रावर उघडतील अशा काढून ठेवायच्या. प्रत्येक फाइलचा एक आकडी ठसा काढता येतो, माणसाच्या अंगठ्यासारखा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. तो ठसा ठरावाच्या वहीत लिहून ठेवला की पुढे खाडाखोड लपत नाही. आणि जुनी तेरीज व नवी तेरीज पैशापर्यंत जुळल्याशिवाय जुनं यंत्र हलवायचं नाही. जुळल्यावरही निदान एक मार्च अखेर दोन्ही चालवायची. एक प्रत संस्थेत, दुसरी दुसऱ्या गावात. चेअरमनच्या घरी नव्हे, ही माझी खास सूचना.

या प्रकल्पात जुनी माहिती संगणकात भरण्याचा खर्च धरलेला आहे, हे मला माहीत आहे. पण आढाव्यात विचारतात ते किती संस्था 'गो-लाइव्ह' झाल्या. वरून आकडा मागितला जातो, खालून आकडा पुरवला जातो, आणि आकडा पुरवायचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे ३१ मार्चची शिल्लक टाकून मोकळं होणं. माझ्या माहितीतल्या दोन सोसायट्यांत तसंच झालं आहे. त्या सचिवांना मी दोष देत नाही. चार गावांचा भार, हातात पगार तुटपुंजा, आणि वरून रोज फोन. दोष त्या साहेबांचा, ज्यांनी आढाव्याच्या तक्त्यात जुन्या खतावण्यांसाठी एक रकाना ठेवला नाही. निदान मी पाहिलेल्या तक्त्यांत तरी तो नव्हता.

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभासदाला तिथे प्रश्न विचारता येतो. आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर पुन्हा बदलायचं घाटतं आहे. म्हणून या वेळी मी लेखी विचारणार आहे: गेल्या वर्षी सर्वांत गर्दीच्या दिवशी किती नोंदी झाल्या, नवं यंत्र त्या आकड्यावरून ठरवलं आहे का, जुन्या प्रोग्रॅममधल्या कोणत्या सालापासूनच्या नोंदी नव्यात येणार आणि ज्या येणार नाहीत त्या कुठे, कोणाच्या ताब्यात, कोणत्या स्वरूपात राहणार. उत्तरही लेखीच मागणार. शिपाईमामा म्हणाले, "सर, मी पण येतो, अनुमोदन द्यायला." त्यांचं सभासदत्व निवृत्तीबरोबर संपलं आहे, त्यांना बोलू देणार नाहीत. तरी मागच्या रांगेत बसतो म्हणाले.

उत्तर आलं तर इथे देईन.